सोन्याची पक्कड



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज विषय आहे पक्कड, पाना आणि स्क्रू ड्रायव्हरचा. हसू नका. कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाल्यावर तो सुरीच्या टोकाने पिळला नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. मीही पिळला आहे, सुरीचं टोक मोडलं आहे आणि वर कुकर करणाऱ्याला नावं ठेवली आहेत. म्हणजे हा विषय आपल्या घरातलाच आहे. फक्त माझ्या घरात तो यंदा श्रावणात जरा टोकाला गेला. त्यात चूक माझी होती, म्हणून लिहिते आहे.

माझी सून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली आहे. लग्नाआधीपासून ती छतावर सोलर बसवणाऱ्या एका कंपनीत होती. २०२४ मध्ये सरकारची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि आमच्या इचलकरंजीत गल्लोगल्ली विचारणा सुरू झाली. तेव्हा तिने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. हाताखाली दोन मुलं आहेत. सकाळी देवदर्शन करून, डबा घेऊन ती बाहेर पडते आणि आमच्या घरची रीत म्हणून सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी येते. शेजारणी विचारतात, "सून छतावर चढते होय?" मी म्हणते, "होय, चढते." पण खरं सांगते, त्या "होय"मध्ये अजून पुरता अभिमान आला नव्हता.

कंपनीत होती तेव्हा हत्यारं कंपनीची. आता स्वतःची लागणार. श्रावणात माझी भिशी लागली, ३०,००० रुपयांची. ती एका संध्याकाळी वही घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, मला हत्यारं घ्यायची आहेत. उसने द्या, दिवाळीपर्यंत परत करते." वहीत यादी होती आणि खाली बेरीज, ३१,२०० रुपये. पहिलीच ओळ, जर्मन पक्कड, ३,४०० रुपये.

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. म्हणाले, "तीनशे-साडेतीनशेत पक्कड येते. तुला काय सोन्याची पक्कड हवी का?"

ती काही बोलली नाही. वही मिटली, आत गेली. दोन दिवसांनी बाजारातून एक पेटी घेऊन आली. पक्कड, कटर, सहा स्क्रू ड्रायव्हर, पाने, आणि वायरच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं क्रिम्पिंगचं हत्यार, सगळं मिळून १,४०० रुपये. पेटी चकचकीत, प्रत्येक नगावर इंग्रजीत क्रोम व्हॅनेडियम असा ठसा. मी मनात म्हटलं, बघा, सांगितल्यावर कसं जमलं.

पुढचं समजायला थोडी माहिती हवी. मलाही ती तेव्हा नव्हती. घरातली वीज आपण मेन स्विच पाडून बंद करू शकतो. सोलरच्या पॅनलला तसं करता येत नाही, कारण ऊन पडतंय तोवर पॅनल वीज देतच राहतं. सहा मोठी पॅनलं एकापुढे एक जोडली की तारेत जवळजवळ ३०० व्होल्ट असतात. आणि ही डीसी वीज. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी लागली की ती धरून राहते, जोड जाळते. म्हणून तारेचा प्रत्येक जोड घट्ट असावा लागतो. जोड ढिला राहिला तर आधी गरम होतो, मग वितळतो, आणि कधीकधी तेवढ्यावर थांबतही नाही.

चांगल्या क्रिम्पिंगच्या हत्यारात दातेरी चाकाची अशी सोय असते की दाब पुरा बसेपर्यंत ते उघडतच नाही. हात दमला म्हणून अर्धवट दाबून सोडता येत नाही. या पेटीतल्या हत्यारात तसली सोय नव्हती आणि जबडाही त्या कनेक्टरच्या मापाचा नव्हता. सुनेने पाच घरांचे वीस जोड त्याने केले. मग तिला शंका आली. एका घरी ओढून पाहिलं तर तार कनेक्टरमधून सुटून हातात आली. दुसऱ्या ठिकाणी जोड हाताला गरम लागला. तिने कुणी तक्रार करायची वाट पाहिली नाही. जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीकडून चांगलं हत्यार एका दिवसासाठी मागून आणलं, नवे कनेक्टर पदरच्या पैशाने घेतले आणि पाचही घरी जाऊन वीसच्या वीस जोड कापून पुन्हा केले. एका दिवसात आटपेना, दोन दिवस लागले.

ते दोन्ही दिवस ती दिवेलागणीनंतर घरी आली. ताट झाकलेलं होतं, पण रात्री जेवायचं नाही हे व्रत तिने आमच्याकडे आल्यावर स्वतःहून घेतलेलं. दोन्ही रात्री न जेवता झोपली. मी स्वयंपाकघरात उभी होते. तिने मला एक शब्दही लावला नाही. त्या १,४०० रुपयांच्या पेटीची खरी किंमत मला तिथे कळायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी ती पेटी उघडून बघत बसले. पक्कड उचलली, जरा जोरात ओढली, आणि तिच्या दांड्यावरचं लाल रबर माझ्या हातात निघून आलं. एका हातात रबर, दुसऱ्या हातात उघडी लोखंडी दांडी. ३०० व्होल्टची तार हाताळणाऱ्या पोरीच्या हातात ही दांडी होती. माझ्या पोटात गोळा आला.

तेव्हा मला आमच्या जॉबरमामांची आठवण झाली. आपल्यातल्या ज्यांची मागं होती किंवा आहेत त्यांना जॉबर म्हणजे काय ते सांगायला नको. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला म्हणतात. तेव्हापासून या गावाचा संसार मागांवर, आणि मागांचा संसार जॉबरच्या पान्यावर. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचे बारा माग होते. मामंजी फार काटकसरी. पाने नेहमी बाजारातले सगळ्यांत स्वस्त आणायचे. स्वस्त पान्याचं तोंड जोर लावल्यावर फाकतं, नटाचे कोपरे गोल होतात आणि पाना सटकतो. एकदा असाच सटकला आणि जॉबरमामांचा अंगठा मागाच्या बिडाच्या चौकटीवर आपटला. हाड मोडलं. बरा झाला, पण तो अंगठा पुढे कधी पुरता वळला नाही. मामंजींनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, पगारही दिला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन चांगल्या पान्यांचा संच आणला. घरात येऊन म्हणाले, "पान्यात वाचवले आणि माणसात घालवले." हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी सुनेची वेळ आली तेव्हा विसरले.

मग यंदाचं दशलक्षण पर्व आलं. नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. प्रवचन ऐकताना माझं मन सारखं त्या वहीकडे जात होतं. महाग वस्तू घेणं म्हणजे परिग्रह, असं मी धरून चालले होते आणि नाही म्हटलं म्हणजे धर्माचं केलं अशी स्वतःची समजूत काढली होती. पण श्रावकाला जे परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे ते वस्तूंची आणि त्यांच्यावरच्या आसक्तीची मर्यादा घालायला. एक चांगली पक्कड पंधरा वर्षं वापरणारी आणि दर पावसाळ्यात नवी स्वस्त पक्कड घेऊन जुनी भंगारात टाकणारी, यांत परिग्रह कुणाचा जास्त? आणि हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, बेफिकिरी असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाणी गाळून घेतो, चूल झाडून पेटवतो. दुसऱ्याच्या हातात तुटकं हत्यार देणं हा प्रमाद नव्हे तर काय?

आता याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही उठली आणि महाग वस्तूंची जाहिरात करायला लागली. माझ्या भाच्याकडे हत्यारांची अशी पेटी आहे की बघत राहावं. मखमली कप्पे, एकेक पाना आरशासारखा. दोन वर्षांत त्याने त्यातून एक स्क्रू फिरवलेला नाही. आल्यागेल्याला उघडून दाखवतो. तो मात्र निव्वळ परिग्रह. वस्तू तीच, पण ती कामाला आहे की मिरवायला, यावर सगळं ठरतं.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतो. बऱ्याचदा ते नमस्कारासारखं तोंडातून जातं. यंदा मी सुनेला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हटलं, "सोन्याची पक्कड म्हणाले, त्याची क्षमा मागते." ती रडली, मीही रडले. मग म्हटलं, "आण ती वही."

मैत्रिणींनो, खरी गंमत इथून पुढे. मी वाटेल ते घे म्हणायला बसले होते, तर तीच म्हणाली, "नाही आई, सगळं महाग घ्यायची गरज नाही. तेव्हा मीही रागाने यादी वाढवली होती." आम्ही दोघी दुपारभर एकेक ओळ घेऊन बसलो. तिने मला तीन प्रश्न शिकवले. हे हत्यार फसलं तर कुणाला इजा होईल का? हे दिवसातून किती वेळा हातात येणार? आणि महागाचे जास्तीचे पैसे नेमके कशाचे आहेत?

तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. पोलाद चांगलं असणं, ते बेताने तापवून कडक केलेलं असणं, जबडे एकमेकांवर नीट बसणं, याचे पैसे द्यावेत. कमी कडक असेल तर धार दबते, जास्त कडक असेल तर तुकडा उडतो. क्रोम व्हॅनेडियम असा ठसा कुणीही मारू शकतं, ठशाने पोलाद चांगलं होत नाही. विजेच्या कामाच्या हत्यारावर १००० व्होल्टची खूण आणि दोन त्रिकोणांचं चिन्ह असतं. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे केलेल्या अशा प्रत्येक नगाची १०,००० व्होल्टवर चाचणी होते. नुसतं लाल रबर चढवलेल्या पकडीला यातलं काही नसतं. मात्र अशी खूण असलेली पक्कड आपल्या देशातही होते, त्यासाठी जर्मनीच हवी असं नाही.

याउलट काही पैसे असे असतात की ते आपल्या उपयोगाला येत नाहीत. अमेरिकेत स्नॅप-ऑन म्हणून १९२० पासूनची कंपनी आहे. तिचे विक्रेते गाडी भरून हत्यारं घेऊन थेट मेकॅनिकच्या दारात येतात, हप्ते बांधून देतात, मोडलेलं जागेवर बदलून देतात. त्या सेवेची किंमत हत्यारात धरलेली असते. तिथल्या मेकॅनिकला ती परवडते, कारण त्याचा कामाचा तास वाचतो. इचलकरंजीच्या बोळात ती गाडी येत नाही, मग तिचे पैसे आपण कशाला द्यायचे? जन्मभराची हमी कागदावर छान वाटते, पण बदलून कोण देणार आणि कुठे, हे आधी विचारावं.

तर आमचा हिशोब असा झाला. पक्कड जर्मनच घेतली, ३,४०० ची. वुपरटाल गावात १८८२ पासून पकडी करणारी निपेक्स कंपनी आहे, तिची. कारण सून दिवसभर तांब्याच्या जाड तारा धरते, पिळते, कापते. या पकडीत जोर कमी लागतो, आणि तिचं मनगट आताच दुखायला लागलं होतं. विजेच्या कामाचे सहा स्क्रू ड्रायव्हर, खुणेचे, २,९००. क्रिम्पिंगचं दातेरी हत्यार त्या कनेक्टरच्या जबड्यासह ५,२००. यात एक रुपया कमी करायचा नाही असं मीच सांगितलं. वायर सोलायचं हत्यार १,१५०. कटर आपल्याकडचाच, पण १००० व्होल्टच्या खुणेचा, ६५०. पाने नाशिकच्या टपारियाचे, १,३०० चा संच. नट-बोल्टला एवढे पाने बास, परदेशी पान्याने नट काही जास्त घट्ट होत नाही. षटकोनी किल्ल्या ४००. हातोडी आणि टेप घरचीच. एकूण १५,०००. पहिल्या यादीच्या निम्म्याहून कमी, आणि स्वस्त पेटीच्या दहापटीहून जास्त. माझी निम्मी भिशी शिल्लक राहिली.

म्हणजे महाग हत्यार परवडतं का, याचं माझं उत्तर असं. दीडशेची पक्कड सोडून साडेतीनशेची घेतली तर फरक फार मोठा पडतो, तेवढी उडी प्रत्येकीने मारावी. साडेतीनशेवरून साडेतीन हजारावर गेलं तर फरक थोडाच पडतो, पण जिचं पोट आणि जिचा हात त्या हत्यारावर आहे तिला तो थोडा फरक रोज शंभर वेळा मिळतो. तिने ती उडी मारावी. वर्षातून दोनदा कुकरचा दांडा आवळणाऱ्या तुम्ही-आम्ही मारू नये.

तुमच्या-माझ्या घरासाठी एक पक्कड, फुलीचे दोन मापांचे आणि सपाट तोंडाचा एक असे तीन स्क्रू ड्रायव्हर, एक लहान स्क्रू पाना, एक हातोडी, एक टेस्टर, एवढं पुरे. आपल्या देशातल्या चांगल्या कंपनीचं घेतलं तर दीड हजाराच्या आतबाहेर सगळं होतं. घेताना पक्कड मिटून उजेडासमोर धरा, कापायच्या धारेतून उजेड दिसला तर ठेवून द्या. सांधा डावी-उजवीकडे हलतो का बघा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या फुलीत घट्ट बसलं पाहिजे, लहान माप घातलं की फुली झिजते आणि मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. महाग नावाची वस्तू फारच स्वस्तात मिळाली तर आधी ती नकली आहे का बघा. आणि वापरून झालं की पुसून, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून कोरड्या जागी ठेवा. जतन केलं नाही तर जर्मन पक्कडही गंजते.

हत्यारं नवरात्रात आली. खंडेनवमीला आमच्या कारखान्यात कामगार पाने, कानशी, हातोड्या पुसून ओळीने मांडतात. यंदा त्या ओळीत सुनेची हत्यारंही होती. जॉबरमामा आता थकलेत, पण त्या दिवशी येतात. त्यांनी ती पक्कड उचलली, उघडली, मिटली, उजेडासमोर धरली. तो न वळणारा अंगठा दांड्यावर ठेवला आणि विचारलं, "कुणाची ही?"

मी म्हटलं, "आमच्या सूनबाईंची."

या वेळी ते म्हणताना माझा आवाज अडखळला नाही. दिवाळीत सून पैसे परत द्यायला आली तर मी घेणार आहे, कारण ती उसने म्हणून मागायला आली होती आणि तिचा तो मान मला राखायचा आहे. पण ती १,४०० ची पेटी मी माझ्या कपाटात ठेवून दिली आहे. पुन्हा कधी कुणाच्या कामाच्या वस्तूला नाक मुरडावंसं वाटलं तर ते सुटलेलं लाल रबर काढून बघायला.

जय जिनेंद्र.